सुताची खळ, रक्ताची नळी आणि विचारण्याचा हक्क

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत यंत्रमाग चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की सूत आहे तसं मागावर चढत नाही. आधी त्याला खळ द्यावी लागते. ताण्याचं सूत सायझिंगला जातं, खळीतून बुडून निघतं, गरम सिलिंडरवर वाळतं आणि मग बीमवर गुंडाळलं जातं. खळ नसेल तर मागाच्या धक्क्यांनी सूत पिंजतं आणि तुटतं. कापड विणून झालं की ती खळ धुऊन टाकतात. गिऱ्हाईकाच्या अंगावर जातं ते फक्त कापड. मधल्या त्या पातळ थराची आठवणही कुणाला राहत नाही. पण तो थर नसता तर कापडच झालं नसतं.

आपल्या मोमीन-अन्सारी बिरादरीला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. धाग्यावर काय चढवलं, यावर धागा कसा वागेल हे ठरतं. आज हीच गोष्ट वैद्यकशास्त्रात फार मोठ्या प्रमाणावर घडते आहे. कृत्रिम धाग्याचं कापड माणसाच्या शरीरात घालायचं, आणि शरीराने ते स्वीकारावं म्हणून त्यावर जिवंत सृष्टीतून आलेला एखादा पदार्थ चढवायचा. या थरामुळे लाखो माणसं जगली आहेत. हा थर कशाचा असतो, हे मात्र ज्याच्या शरीरात तो जातो त्याला सहसा कुणी सांगत नाही. या लेखाचा विषय हाच आहे.

पँटचं कापड छातीत कसं गेलं

पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये विनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी शोधला. तिकडे त्याचं नाव टेरिलीन पडलं, अमेरिकेत डेक्रॉन. आपल्याकडे तो सुतात मिसळून टेरिकॉट म्हणून आला आणि आपल्या वडिलांच्या पिढीने त्याच्या पँटी शिवून ईद साजरी केली. हा धागा कुजत नाही, आटत नाही, कसर त्याला खात नाही. शरीरही त्याला सहजासहजी विरघळवू शकत नाही.

त्याच सुमारास रक्तवाहिन्यांचे सर्जन एका अडचणीत होते. छातीतली किंवा पोटातली मुख्य धमनी फुगली, तर ती एक दिवस फुटते आणि माणूस दगावतो. फुगलेला भाग कापून तिथे दुसरी नळी बसवायची म्हटलं, तर नळी आणायची कुठून? १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हुरहीस नावाच्या तरुण सर्जनला एका कुत्र्याच्या हृदयात काही महिन्यांपूर्वी राहिलेला रेशमी टाका दिसला. त्या टाक्यावर एक चकचकीत, गुळगुळीत पापुद्रा चढला होता. शरीराने परक्या धाग्यावर स्वतःच अस्तर घातलं होतं! त्याने विचार केला, धाग्यावर अस्तर चढत असेल तर धाग्यांच्या कापडावर का नाही चढणार? १९५२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विन्यॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या कुत्र्यांच्या धमन्यांत बसवल्याचे निष्कर्ष छापले.

पुढचं पाऊल ह्यूस्टनच्या मायकेल डबेकी यांचं. त्यांचे आईवडील लेबनॉनहून अमेरिकेत आलेले, अरबी बोलणारे ख्रिस्ती. घराण्याचं मूळ आडनाव दबाघी. डबेकी यांना शिवणकाम आईने शिकवलं होतं. नायलॉन घ्यायला ते एका दुकानात गेले, तिथे नायलॉन संपलं होतं, म्हणून डेक्रॉनचं कापड घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. ही हकिकत ते स्वतः सांगत. पुढे फिलाडेल्फियाच्या कापड महाविद्यालयातल्या एका तज्ज्ञाने अशा नळ्या बिनशिवणीच्या विणून देणारं यंत्र बनवलं. म्हणजे हृदयशस्त्रक्रियेच्या या मोठ्या टप्प्यामागे शिलाई मशीन होतं, विणकाम होतं आणि एका आईचं शिक्षण होतं.

पण कापड ते कापडच. विणीला छिद्रं असतात आणि छिद्रांतून रक्त गळतं. यावर सर्जन मंडळींनी बरीच वर्षं एक साधा उपाय केला. रोग्याचंच थोडं रक्त काढायचं, नळी त्यात भिजवायची, रक्त छिद्रांत गोठू द्यायचं आणि मग नळी बसवायची. ही धाग्याला दिलेली पहिली जिवंत खळ, आणि ती रोग्याची स्वतःची होती. मात्र त्यात वेळ जाई. धमनी फुटून आलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो वेळच नसे. १९८० च्या दशकात कारखान्यातूनच थर चढवून आलेल्या नळ्या मिळू लागल्या. डब्बा उघडायचा, नळी काढायची, शिवायची. छिद्रं आधीच बुजलेली. थर काही आठवड्यांत शरीरात विरघळतो आणि तोवर रोग्याच्या स्वतःच्या ऊती विणीत शिरलेल्या असतात. आपल्या सायझिंगसारखंच हे. काम झालं की खळ गेली.

थर नेमकं काय करतो

पॉलिएस्टर रक्ताशी बोलत नाही, हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. परका पृष्ठभाग दिसला की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्यावर येऊन बसतात. आधी येतात ती संख्येने जास्त असलेली, मग त्यांना बाजूला सारून जास्त चिवट प्रथिनं जागा घेतात. या धक्काबुक्कीचा अभ्यास लिओ व्ह्रोमान या शास्त्रज्ञाने केला आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या प्रथिनांना पाहून बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, चिकटतात आणि गुठळी होते. मोठ्या धमनीत रक्ताचा लोंढाच एवढा असतो की त्याने फारसं बिघडत नाही. पण सहा मिलिमीटरपेक्षा बारीक कृत्रिम नळी लवकर तुंबते. गुडघ्याखालच्या धमनीत अशी नळी तुंबली तर प्रश्न पायाचा असतो. मधुमेहाने पाय गमावलेले आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

व्हुरहीसला कुत्र्यात दिसलं तसं अस्तर माणसात पूर्ण नळीवर चढत नाही, हेही पुढे कळलं. जोडाच्या टोकांपासून ते एखाद-दोन सेंटीमीटर आत सरकतं आणि थांबतं. मधली नळी उघडीच राहते. म्हणून शास्त्रज्ञांनी अस्तराचं काम थरावर सोपवलं.

गुठळी होऊ नये म्हणून हिपॅरिन चढवतात. हिपॅरिन रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला धरतं आणि गुठळी करणाऱ्या घटकांना गप्प करण्याचा त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढवतं. या कामात हिपॅरिन स्वतः खर्च होत नाही. एक काम झालं की ते दुसऱ्याला मोकळं. म्हणून त्याची साखळी एका टोकाने पृष्ठभागाला पक्की बांधली आणि दुसरं टोक रक्तात मोकळं सोडलं, तर ते दीर्घकाळ पहारा देतं. ही एका टोकाची बांधणी स्वीडनमध्ये विकसित झाली.

जंतुसंसर्ग टाळण्यासाठी काही नळ्यांवर चांदी असते. काही सर्जन जिलेटिनचा थर असलेली नळी शस्त्रक्रियेच्या वेळी रिफाम्पिसिनमध्ये भिजवतात. क्षयरोगाच्या गोळ्यांमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. जिलेटिन ते औषध धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. जखम शिवायच्या विरघळणाऱ्या टाक्यांवर ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा थर देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात अशा टाक्यांची सशर्त शिफारस केली. पेशी चिकटाव्यात म्हणून वेगळा थर असतो. तीन अमिनो आम्लांची एक छोटीशी खूण दिसली की पेशी तिथे पाय रोवतात, हे १९८४ मध्ये पियर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं. ही खूण धाग्यावर बसवली की परका धागा पेशींना ओळखीचा वाटू लागतो.

धागा तोच आहे. त्याच्यावर काय बसवलं, त्यावर शरीर त्याला पाहुणा समजेल की घुसखोर, हे ठरतं.

थर येतो कुठून

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. नळ्यांची छिद्रं बुजवणारं जिलेटिन आणि कोलॅजन बहुतेक करून गायीबैलांपासून मिळवलेलं असतं. हिपॅरिन जगभर प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या आतल्या पापुद्र्यातून काढतात. पूर्वी ते गुराढोरांपासूनही मोठ्या प्रमाणावर काढत. १९९० च्या दशकात युरोपात गायींचा मेंदूरोग पसरल्यावर अमेरिकेने आणि युरोपने ते बंद केलं.

एकाच कपाटात एका डब्यात गाय आहे आणि दुसऱ्यात डुक्कर. आपल्या देशात या दोन प्राण्यांच्या नावाने काय काय होतं ते नव्याने सांगायला नको. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. फ्रीजमधल्या मांसाच्या संशयावरून माणसं मारली गेली. पण ऑपरेशन थिएटरच्या दाराआड हे दोन्ही प्राणी हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही शरीरात शांतपणे जातात, त्यांना वाचवतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. जीव वाचतो हे चांगलंच आहे. पत्ता लागत नाही हे मात्र चांगलं नाही.

माझ्या खालूंच्या पोटातली धमनी फुगल्याचं निदान झालं तेव्हा आम्ही एका खाजगी रुग्णालयात होतो. संमतीचा अर्ज इंग्रजीत होता आणि त्यावर ग्राफ्ट एवढाच शब्द होता. मावसभावाने विचारलं, "डॉक्टरसाहेब, अंदर क्या लगानेवाले हैं?" कनिष्ठ डॉक्टर म्हणाले, "प्लास्टिकची नळी असते, काळजी करू नका." ते खोटं बोलले नाहीत. पण तासाभरात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पाठवलं की असल्या नळीत सुअर असतो. झालं. कुणी म्हणे सही करू नका, कुणी म्हणे मुंबईला न्या. फोनाफोनी सुरू झाली. शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली. फुगलेली धमनी एक दिवस थांबेल की नाही, याची हमी कुणाकडेच नव्हती.

शेवटी मोहल्ल्यातल्या मौलानांनी फोनवर सांगितलं, "जान बचाना पहले. सही करो." खालाने सही केली. खालू आज घरी आहेत आणि नातवंडांवर ओरडतात. डिस्चार्जच्या फाइलमध्ये नळीच्या डब्यावरचा स्टिकर चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं तेच नाव शोधलं तेव्हा समजलं, थर गायीच्या जिलेटिनचा होता. डुक्कर नव्हतंच. एका वाक्याच्या माहितीने जे पाच मिनिटांत मिटलं असतं, त्यासाठी एका घराने एक रात्र आणि एका माणसाचा जीव पणाला लावला.

दीन काय सांगतो

विचारणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. माझ्या शरीरात काय जातंय, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या समाजाने उत्तराची तयारीही ठेवली पाहिजे, आणि आपल्या परंपरेत उत्तरांची वानवा नाही.

पहिलं उत्तर जरूरतचं आहे. जिवावर बेतलं असेल तर हराम गोष्टीचीही मुभा मिळते, हे कुरआनच्या सूरह बकराहमध्ये आणि इतरत्र स्पष्ट आलं आहे. यावर सगळ्या मसलकांचं एकमत आहे. दुसरं उत्तर इस्तिहालाचं, म्हणजे मूळ पदार्थ बदलून वेगळाच पदार्थ होणं. दारूचा सिरका झाला की तो हलाल होतो. मेलेल्या जनावराचं कातडं कमावलं की ते पाक होतं. कातडं कमावण्याला अरबीत दिबाघत म्हणतात आणि ते काम करणाऱ्याला दब्बाघ. डबेकींचं मूळ आडनाव त्याच शब्दकुळातलं आहे.

इथे मसलकांत फरक पडतो आणि तो लपवायचं कारण नाही. हनफी फिकहमध्ये इस्तिहालाचा पल्ला मोठा आहे, तरी डुकराचं कातडं कमावूनही पाक होत नाही असं तेही मानतात. आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत आणि शाफई फिकहमध्ये इस्तिहालाची व्याख्या अधिक आखडती आहे. आधुनिक उलेमांचंही एकच मत नाही. १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डुकराचं जिलेटिन खाद्यपदार्थांत वापरू नये असं ठरवलं, कारण हलाल जनावरांचा आणि वनस्पतींचा पर्याय उपलब्ध आहे. १९९५ मध्ये कुवेतमध्ये वैद्यकीय विज्ञानाच्या इस्लामी संघटनेने भरवलेल्या परिषदेत मात्र उलेमांनी म्हटलं, की नापाक जनावराच्या हाडाकातड्यापासून झालेलं जिलेटिन इस्तिहालामुळे पाक आहे. वरवर पाहता ही दोन टोकं वाटतील. पण नीट वाचलं तर एक धागा सारखा दिसतो. पर्याय असेल तर पर्याय घ्या, नसेल तर जीव वाचवा.

आता यातली मेख पाहा. पर्याय आहे की नाही हे ठरवायचं तर आधी माहिती हवी. पायाच्या बायपाससाठी रोग्याची स्वतःचीच शीर अनेकदा सगळ्यात चांगली ठरते. काही कृत्रिम नळ्या अशा प्लास्टिकच्या असतात की त्यांना छिद्रं बुजवणारा थर लागतच नाही. गुठळी रोखणारं फॉन्डापॅरिनक्स हे औषध संपूर्ण प्रयोगशाळेत बनतं, त्यात प्राणी नाही. अर्थात ते प्रत्येक ठिकाणी हिपॅरिनची जागा घेऊ शकत नाही. नळीवरचा थर म्हणूनही ते येत नाही. हे सगळं डॉक्टरच सांगू शकतो. मुफ्ती फिकह सांगेल, पण त्याला आधी पदार्थ कळला पाहिजे. म्हणजे फतव्याआधी लेबल लागतं.

प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही

गळ्यात माळ असलेला वारकरी, अंडंही न खाणारा जैन, गाय पूज्य मानणारी आजी, प्राणिजन्य काहीच न वापरणारा तरुण. या प्रत्येकाला हे जाणून घ्यायचा तेवढाच हक्क आहे. मला खात्री आहे की यांतले जवळपास सगळे माहिती मिळूनही होच म्हणतील. तरी त्यांचा होकार त्यांचा असेल, त्यांच्या नावावर दुसऱ्याने दिलेला नसेल.

श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक वैद्यकीय कारण उरतंच. गोजन्य पदार्थांची ॲलर्जी असलेल्या रोग्याला जिलेटिनचा थर असलेली नळी वापरू नये, अशी सूचना उत्पादकच देतात. म्हणजे थर कशाचा आहे हे डॉक्टरला माहीत असतं आणि असलंच पाहिजे. डब्यावर प्राणिजन्य घटक दाखवणारं आंतरराष्ट्रीय चिन्हही आता ठरलेलं आहे. माहिती अस्तित्वात आहे. ती डब्यावर छापलेली आहे, फक्त तो डबा भूल दिलेल्या माणसाच्या उशाशी उघडला जातो.

बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे आपण दुकानातच पाहतो. बिस्किट दुसऱ्या दिवशी शरीराबाहेर जातं. धमनीतली नळी मरेपर्यंत सोबत राहते. ठिपका बिस्किटाला आहे, नळीला नाही.

या देशाला थर लपवण्याची किंमत एकदा कळलेली आहे. १८५७ मध्ये एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसावर चोपडलेल्या चरबीत गाय आहे की डुक्कर, यावरून शिपायांत अविश्वास पेटला. ती चरबी नेमकी कसली हे कंपनीने शिपायांना आधी सांगितलं नव्हतं. मागाहून खुलासे केले, शिपायांनी आपली चरबी आपण लावावी अशी सवलत दिली, पण तोवर विश्वास संपला होता. बंडाची कारणं अनेक होती, एका काडतुसाने राज्य हादरत नाही. पण एक गोष्ट त्यातून कायमची शिकण्यासारखी आहे. माणूस चरबीपेक्षा लपवाछपवीने जास्त दुखावतो. त्या बंडानंतरच्या दडपशाहीने मऊ, आझमगढ, बनारसच्या विणकरांना देशोधडी लावलं आणि त्यांतले कितीतरी मालेगाव-भिवंडीत येऊन वसले. आपल्या मागांचा आवाज त्या इतिहासाशी जोडलेला आहे.

मग करायचं काय

रुग्णालयांकडे मागणी अगदी छोटी आहे. संमतीपत्रात मराठीत एक ओळ हवी. शरीरात बसवल्या जाणाऱ्या वस्तूत प्राणिजन्य घटक आहे का, असल्यास कोणत्या प्राण्याचा, आणि दुसरा पर्याय आहे का. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात म्हटलंच आहे, की उपचाराचं स्वरूप, त्याचे धोके आणि त्याचे पर्याय पुरेसे समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम देशात २०१८ पासून लागू आहेत. त्यांत ही एक ओळ बसवायला नवा कायदा लागणार नाही. अपघाताने बेशुद्ध आलेल्या रोग्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरने कुणाची वाट पाहू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेलं असावं.

आपल्या जमातींकडे मागणी थोडी मोठी आहे. रमजानमध्ये इंजेक्शनने रोजा तुटतो का, यावर आपल्याकडे दरवर्षी बयान होतं. तसंच एकदा हिपॅरिनवर, जिलेटिनच्या थरावर, डुकराच्या ऊतींपासून बनणाऱ्या हृदयाच्या झडपांवर सविस्तर बोललं जावं. त्यासाठी मदरशात एखाद्या सर्जनला बोलवा, त्याला डबा दाखवायला सांगा. उलेमा आणि डॉक्टर एका चटईवर बसून दोन पानांचं मराठी-उर्दू पत्रक काढू शकतात. हे काम रात्री दोन वाजता आयसीयूच्या बाहेर करायचं नसतं. तिथे व्हॉट्सॲप मुफ्ती होतो.

आणि तिसरी गोष्ट आपल्या कापडाच्या गावांसाठी. थर बदलता येतो. तो प्राण्याचाच असला पाहिजे असा निसर्गाचा हुकूम नाही. समुद्रातले शिंपले लाटा झेलत ओल्या खडकाला घट्ट चिकटून राहतात. हनफी ते खात नाहीत, कोकणातले शाफई आवडीने खातात, यावरून आपल्यात थट्टा चालते. २००७ मध्ये अमेरिकेत हेशिन ली, फिलिप मेसरस्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शिंपल्यांच्या डिंकाची युक्ती ओळखली. डोपामिन या साध्या रसायनाच्या सौम्य अल्कधर्मी पाण्यात जवळजवळ कुठलीही वस्तू बुडवून ठेवली, की तिच्यावर अतिपातळ थर चढतो आणि त्या थरावर हवा तो जैविक रेणू बांधता येतो. त्यात शिंपला लागत नाही, प्राणी लागत नाही. पॉलिएस्टर, टेफ्लॉन, धातू, सगळ्यांवर तो चढतो.

दुसरा रस्ता तर आपल्या उंबरठ्यावरचा आहे. सुरतेच्या प्रोसेस हाउसमध्ये पॉलिएस्टरच्या कापडाला मऊपणा यावा म्हणून कॉस्टिकमध्ये शिजवतात. त्याला तिथले कामगार वेट रिडक्शन म्हणतात. कॉस्टिक धाग्याचा वरचा थर खातं आणि खाताना पृष्ठभागावर रासायनिक हात मोकळे करून ठेवतं. नेमक्या त्याच हातांना प्रयोगशाळेत प्रथिनं, पेप्टाइड किंवा औषधं बांधतात. जे काम आपली मुलं साडीसाठी करतात, त्याचंच पुढचं पाऊल धमनीसाठी आहे.

मी स्वप्नरंजन करत नाही. मागाच्या शेडमधून थेट हृदयशस्त्रक्रियेची नळी निघत नाही. मध्ये स्वच्छ खोली, चाचण्या, वर्षानुवर्षांचा अभ्यास आणि भांडवल लागतं. पण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची देशी झडप बनवली, ती १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली. त्या झडपेभोवती टाके घालण्यासाठी जी कडी असते, ती पॉलिएस्टरच्या कापडाची आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रोद्योगासाठी १,४८० कोटींचं मिशन मंजूर केलं. इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मुंबईत व्हीजेटीआय आहे. तिथे वस्त्रतंत्रज्ञानाच्या वर्गात मालेगाव-भिवंडीच्या किती मुली आणि मुलं बसतात, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायला हवा. यंत्रमागाच्या मंदीवर आपण रडतो, वीजदरासाठी मोर्चे काढतो, ते रास्तच आहे. पण धाग्याची खरी किंमत आता त्याच्यावरच्या थरात गेली आहे आणि त्या थराची विद्या शिकायला आपण अजून पुरेसे निघालेलो नाही.

नळीत काय आहे असं विचारणारा समाज आणि नळी बनवणारा समाज, या दोघांत मोठं अंतर आहे. विचारणं हा हक्क आहे आणि तो आपण सोडू नये. पण नुसतं विचारत राहिलो तर उत्तर नेहमी दुसऱ्याच्या डब्यावर छापलेलं असेल. ज्या हातांनी दीडशे वर्षं सुताला खळ दिली, त्या हातांना हा थर परका नाही. तो आपल्याही गावात, सगळ्यांना चालेल असा बनू शकतो. तोवर डॉक्टरसाहेबांना एवढंच म्हणणं आहे, डबा उघडण्याआधी एकदा वाचून दाखवा.